भडकबाईंचा नवा डोळा

हे नाव बाईंना शाळेतल्या मुलांनी दिलं. चित्रकलेच्या तासाला त्या वर्गात शिरल्या तेव्हा फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘भडकबाई’. खाली एक बाईही काढलेली, केसांच्या जागी ज्वाळा. बाईंनी ते चित्र आधी जवळून पाहिलं, मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “ज्वाळा पांढऱ्या का रे? रंगीत खडू कपाटात असतात म्हणून? मागायचे की.” मग स्वतःच पेटी काढून त्यांनी केसांत नारिंगी आणि गुलाबी भरून दिला आणि तास सुरू केला.

त्या आठवड्यात घरी जे चित्र पुरं झालं त्याच्या कोपऱ्यात त्यांनी नावाच्या जागी सही केली, ‘भडक’. तेव्हापासून तीच सही. लोक ज्या शब्दानं टोचतात तो आपणच उचलून खिशात टाकावा, म्हणजे दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही, असं त्यांचं साधं गणित.

टोचणारे पुष्कळ होते. कला महाविद्यालयात त्यांच्या सरांनी पहिल्याच वर्षी कानमंत्र दिला होता की ट्यूबमधून आलेला रंग तसाच्या तसा लावायचा नाही, त्यात चिमूटभर करडा मिसळायचा, म्हणजे तो चारचौघांत बसण्यासारखा होतो. “सर, चारचौघांत बसायला मी आहे की,” बाई म्हणाल्या होत्या. सरांनी हसून गुण कापले. बाईंनी करड्या रंगाची ट्यूब आयुष्यात विकत घेतली नाही, काळ्याचीही नाही.

विषय मात्र त्यांचे अगदी घरगुती. गॅसची टाकी, वाळत घातलेल्या चादरी, दातांच्या डॉक्टरांकडे गाल धरून बसलेली माणसं, इस्त्रीवाल्याचं टेबल. ते सगळं त्यांच्या हातून किरमिजी, पोपटी, जर्द पिवळं होऊन बाहेर पडायचं. नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरचं एकदा त्यांनी चित्र काढलं. तो बघायला आला आणि म्हणाला, “बाई, माझं तोंड हिरवं का?”

“तुम्ही खिडकीत बसला होतात ना? बाहेर झाड होतं.”

“पण मी हिरवा नाहीये.”

“झाडानं तुम्हाला विचारलं नाही.”

तो बराच वेळ बघत राहिला आणि जाताना म्हणाला, घरी बायकोला दाखवायला एक फोटो काढू का. त्या दिवशी बाई गाणं गुणगुणत होत्या.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली. ती बाल्कनी म्हणजे स्टुडिओ. उभं राहायला जागा एका माणसाची, त्यामुळे चित्र लांबून बघायचं तर बाईंना उलट्या पावलांनी स्वयंपाकघर ओलांडून फ्रिजला पाठ टेकवावी लागे. चाळीस वर्षं मोठमोठी चित्रं फ्रिजला टेकून पाहिली गेली. नवरा विमा कंपनीत होता, आता निवृत्त. त्याच्या प्रत्येक रुमालाला टर्पेंटाइनचा वास. ऑफिसात म्हणे लोक त्याला न बघताच ओळखायचे. त्यानं कधी चित्रांना नावं ठेवली नाहीत आणि चित्रांबद्दल कधी दोन शब्दही बोलला नाही. विचारलं तर म्हणे, “मला त्यातलं काय कळतं? पण कॅनव्हासच्या चौकटीला खिळे मीच ठोकलेत, ते सरळ आहेत.”

बोलायचं काम त्याच्या बहिणीचं. वन्सं खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि चहाला रोज वर यायच्या. त्यांच्या घरात सगळं फिक्कं, पडदे फिक्के, उशा फिक्क्या, भिंती दुधी. “वहिनी, तुझ्या घरी आलं की माझं डोकं चढतं,” त्या म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

“मग वन्सं, येता कशाला?”

“चहा चांगला करतेस म्हणून. चहात कसा रंग बेताचा टाकतेस.”

बाईंची प्रदर्शनं झाली ती वाचनालयाच्या व्हरांड्यात, बँकेच्या जिन्याशी, शाळेच्या सभागृहात. शहरातल्या मोठ्या कलादालनानं त्यांना तीनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा तर ‘आमच्या भिंतींना झेपणार नाही’ अशा शब्दांत. मग काळ फिरला. कलादालनात नवी संचालिका आली, तरुण, हुशार, भराभर बोलणारी. ती घरी येऊन फ्रिजला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, हे सगळं मला हवंय.” मोठं दालन, तिन्ही भिंती, आणि प्रदर्शनाचं नाव बाईंची सहीच. भडक. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बाईंना पहिल्यांदा आपली चित्रं बारा पावलांवरून बघायला मिळणार होती.

आणि नेमका तेव्हाच मोतीबिंदू निघाला.

गेली दोन-तीन वर्षं त्यांची निळ्या रंगाची ट्यूब लवकर संपत होती. त्यांना वाटलं, कंपनीनं रंग पातळ केला. दुकानदाराशी त्यावरून वादही झाला. “रंग तोच आहे, बाई,” तो म्हणाला, “तुम्ही कुणाला निळ्यानं आंघोळ घालताय का?” पुढे रस्त्यावरच्या दिव्यांना झालरी फुटायला लागल्या, तेव्हा नवऱ्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

“दोन्ही भिंगांचा कोरा चहा झालाय,” डॉक्टर म्हणाले. “यातून निळा तर तुम्हाला दिसतच नसेल नीट. काय करता आपण?”

“चित्रं काढते.”

“कसली?”

“भडक,” नवरा म्हणाला.

“मग बरोबर आहे. डोळ्याला कमी दिसतं, हात जास्त टाकतो. तोंडाची चव गेली की स्वयंपाकात मीठ वाढतं, तसं.” डॉक्टर स्वतःच्या उपमेवर खूश झाले. आधी उजवा डोळा करायचा आणि दीड महिन्यानं डावा, असं ठरलं.

प्रदर्शनाची तारीख थोडी पुढे न्यावी लागणार, म्हणून नवऱ्यानं संचालिकेला फोन केला आणि डॉक्टरांचं मिठाचं वाक्यही जसंच्या तसं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती फळांची करंडी घेऊन हजर.

“काकू, तुम्ही आधी का नाही बोललात? हीच तर गोष्ट आहे. मी कधीची शोधत होते.” तिनं फोनवर लिहून आणलेला मजकूर वाचून दाखवला. दृष्टी धूसर होत गेली तसतसे रंग पेटत गेले, असं काहीसं. तो मजकूर प्रवेशाशीच भिंतीवर लागणार, मोठ्या अक्षरांत. प्रदर्शनाचं नावही बदलायचं, ‘धुक्यातले रंग’.

“पण मी भडक रंगवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा कुठलं धुकं?”

“हो, पण लोकांना एवढं खोलात जायचं नसतं. त्यांना एक दोरी द्यावी लागते हातात. नाहीतर इतक्या तेज चित्रांसमोर ते बुजतात.”

ती गेली आणि चहाला वन्सं आल्या. नवऱ्यानं त्यांनाही सांगितलं. ह्या माणसाच्या पोटात काही राहत नसे. वन्संनी कप खाली ठेवला आणि इतक्या मायेनं बाईंच्या पाठीवर हात फिरवला की बाई दचकल्याच.

“बघ, मी म्हणत नव्हते? दोष डोळ्यांतच होता. तुझा काही इलाज नव्हता गं. आता ऑपरेशन झालं की तुझं तुलाच कळेल.”

हेच मग सगळे म्हणू लागले. जिन्यात भेटणारे, जुने सहशिक्षक, भाजीवाली. कुणाच्याही बोलण्यात वाईट नव्हतं, उलट सगळ्यांना हायसं वाटल्यासारखं दिसत होतं. इतकी वर्षं ही बाई अशी का, हे कोडं होतं, आता उत्तर मिळालं. बाईंना शिव्या पचवायची सवय होती. ही दया मात्र घशाखाली उतरेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्याच मनात पाल चुकचुकली. बाविसाव्या वर्षाचं ठीक आहे, पण नंतरचं काय? मोतीबिंदू काही एका दिवसात होत नाही. कोण सांगणार, किती वर्षं आपण छातीठोकपणे ‘हे माझं’ म्हणत होतो आणि ते भिंगात साठलेल्या चहाचं होतं? उजवा डोळा उघडेल, समोर आपली चित्रं असतील आणि आपणच म्हणू, अरे बापरे. मग सही कुणाची?

ऑपरेशनला जाण्यापूर्वी त्यांनी बाल्कनीतली सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी केली.

पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो डॉक्टरांचा कोट. इतका पांढरा की त्यात निळं हसू असावं. घरी आल्यावर कळलं की धुण्याचं बेसिन पिवळट नाही, पांढरं आहे, आणि आपण ज्याला बदामी समजून कपाटात जपला तो नवऱ्याचा शर्टही पांढराच. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?”

“तू बघत नव्हतीस तेव्हा उरकून घेतलं.”

बाईंनी घरभर हिंडून सगळं पाहिलं, चमचे पाहिले, फरशीच्या फटी पाहिल्या, वन्संच्या हनुवटीवरचे दोन केस पाहिले आणि सांगितलेही. बाल्कनीत मात्र त्या जाईनात. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, उन्हात जायला मनाई आहे, टर्पेंटाइनच्या वासानं झोंबेल, रोज नवं कारण. एका सकाळी नवऱ्यानं बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि चौकटीत उभा राहून म्हणाला, “मी खिळे बघायला जातोय. येतेस?”

एकेक चित्र त्यानं फिरवून धरलं आणि बाई फ्रिजला पाठ टेकून उभ्या राहिल्या. आधी डावा डोळा झाकून नव्या डोळ्यानं, मग उजवा झाकून जुन्या डोळ्यानं. असं दोन्ही बाजूंनी स्वतःकडे बघायला फार थोड्या लोकांना मिळतं आणि तेही दीड महिनाच.

अगदी अलीकडची तीन चित्रं समोर आली तेव्हा बाई फ्रिजपासून दोन पावलं पुढे आल्या. निळा जास्त झाला होता. चादरी, आभाळ, इस्त्रीवाल्याच्या हाताच्या शिरा, सगळीकडे निळा आरडाओरडा करत होता. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. “ही तीन थोडी सुटलीत हातातून,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“दुरुस्त करशील?”

“नाही. तेव्हा जे हवं होतं त्यासाठी झगडले, ते दिसतंय त्यात. राहू दे.”

मग मागची चित्रं निघू लागली. दहा वर्षांपूर्वीची, वीस, तीस. प्लंबर आला, गॅसच्या टाक्या आल्या, दात दुखणारी माणसं आली. नव्या डोळ्यासमोर ती एकेक करून पेटली. जुन्या डोळ्यानं बघितलं की तीच माणसं चहात बुडवून काढल्यासारखी मवाळ, तपकिरी, समंजस. बाईंनी डोळे पुन्हा पुन्हा बदलून पाहिले, पुन्हा पुन्हा तेच. मग त्यांना हसू यायला लागलं. सर, वन्सं, कलादालन, सगळे आयुष्यभर जे करायला सांगत होते, तेच काम ते भिंग गुपचूप करत बसलं होतं. रंग त्यानं पेटवले नव्हते, विझवले होते. हात बिचारा तेवढा निळा ओतून त्याच्याशी भांडत होता.

पण हे सांगणार कुणाला? संचालिकेला फोन केला तर ती म्हणाली, “किती छान काकू, हेही मजकुरात घालू.” पत्रिका छापायला गेल्या होत्या.

तेव्हा बाईंनी वन्संना बोलावलं. “वन्सं, माझ्यासमोर बसाल? तुमचं चित्र काढायचंय. दोन.”

“माझं? हिरव्या तोंडाचं?”

“एक तुम्हाला आवडेल असं होईल. शब्द देते.”

वन्सं निळा स्वेटर घालून, केस विंचरून बसल्या. बाईंनी आधी नवा डोळा झाकला आणि मनाशी नियम केला की आठवणीतला रंग टाकायचा नाही, हट्टानं वाढवायचा नाही, जुना डोळा जे सांगेल तेवढंच. कुठल्या रंगात काय मिसळलं की काय होतं हे हाताला पाठ होतं. स्वेटर शेवाळी दिसला, शेवाळी केला. गाल मातकट दिसले, मातकट केले. सावलीसाठी त्यांनी नारिंगीत निळा घोटून, आयुष्यात पहिल्यांदा, करडा बनवला. हाताला जड गेलं, पण केला. दुसऱ्या कॅनव्हाससाठी जुना डोळा झाकला. त्या कॅनव्हासवर स्वेटर मोरपिशी निळा झाला, कपाळावर फिक्का जांभळा, कानाच्या पाळीतून प्रकाश आला तिथे लालभडक ठिपका, आणि पांढऱ्या केसांत पिवळा, गुलाबी आणि कोवळा हिरवा.

दोन्ही वाळल्यावर वन्संनी एकदाच पाहिलं आणि पहिल्याकडे बोट दाखवलं. “ही मी. वहिनी, अशी चित्रं तू आधी का नाही काढलीस? किती शांत आहे. डोळे सुधारल्याचा केवढा फरक.”

“वन्सं, हे जुन्या डोळ्यानं काढलंय.”

वन्संनी बोट मागे घेतलं. मग दुसऱ्या चित्राकडे वळल्या आणि नाक मुरडत, मान तिरकी करत, बराच वेळ बघत राहिल्या. “म्हणजे मी अशी दिसते?”

“मला दिसता.”

“कान एवढा लाल?”

“ऊन मागून होतं.”

“बरं,” वन्सं म्हणाल्या. एवढंच.

चित्रं लावायच्या दिवशी बाई, नवरा आणि वन्सं तिघंही कलादालनात गेली. वन्सं स्वतःला भिंतीवर बघायला आल्या होत्या, पण तसं कबूल करत नव्हत्या. दाराशीच, पांढऱ्या भिंतीवर, चिकट अक्षरांत तो मजकूर लागला होता, वर ‘धुक्यातले रंग’ आणि खाली दृष्टी, आजार, वेदना, सगळं. संचालिका हातमोजे घालून आतली चित्रं सरळ करत होती. वन्संच्या जोडचित्रांपाशी ती थबकली आणि शांत चित्रासमोर तिनं हातच जोडले. “काकू, हे बघा. किती संयम आहे इथे. ऑपरेशननंतरचं ना? इथून तुमचा नवा काळ सुरू होतो. शेजारचं आजाराच्या दिवसांतलं, कळतंच.”

“उलट आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही हात जोडलेत ते मोतीबिंदूला.”

संचालिका हसली, मग हसायची थांबली. तिनं दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली.

“तुमचा मजकूर लावायचाच असेल तर फक्त या एका चित्राखाली लावा,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांना माझी सही पुरे.”

“आता शक्य नाही, काकू. पत्रिका गेल्यात, वर्तमानपत्रात आलंय. आणि खरं सांगू? ही चित्रं नुसती बघायला कुणी येणार नाही. त्यांना कळायला हवं की एक रुग्ण स्त्री...”

“ए बाई,” वन्सं मध्येच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नवरा चमकून बघायला लागला. “माझी वहिनी भडक आहे. तिची चित्रं मला अजून सोसत नाहीत, डोकं चढतं माझं. पण ती रुग्ण-बिग्ण नाही. ते शहाणपण दुसरीकडे.”

बाईंनी चित्रं लावायची शिडी ओढत दाराशी नेली. नवऱ्यानं न सांगता ती धरली. बाई तीन पायऱ्या चढल्या आणि नखानं पहिलं अक्षर उचकटायला लागल्या. ते निघालं, बोटाला चिकटलं, त्यांनी ते झटकून खाली टाकलं आणि दुसऱ्याला हात घातला.

“काकू, उतरा. तुम्ही मला प्रदर्शन रद्द करायला लावताय.”

“करा. अक्षरं काढून झाली की चित्रंही उतरवते. शिडी आहेच. बँकेचा जिना अजून जागेवर आहे, तिथे धुकं नसतं.”

“परत असं दालन मिळणार नाही तुम्हाला.”

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा हलला, हात हलला नाही. आत तिन्ही भिंतींवर त्यांची चाळीस वर्षं लागली होती आणि ती बारा पावलांवरून त्यांनी अजून धड पाहिलीही नव्हती. त्यांनी ‘धुक्यातले’ संपवलं आणि ‘रंग’वर आल्या.

संचालिका हाताची घडी घालून उभी होती. ती एकदा आत बघत होती, जिथे दोन वन्सं शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकदा शिडीकडे. मग ती आत निघून गेली. नवऱ्यानं वर पाहिलं. “सामान आणायला गाडी सांगू?”

“आधी हे होऊ दे.”

वन्सं खाली पडलेली अक्षरं गोळा करत होत्या, कचरा त्यांना कुठेच बघवत नसे. तेवढ्यात संचालिका परत आली. हातमोजे काढलेले, एका हातात वाडग्यात कोमट पाणी, दुसऱ्यात ओलं फडकं. तिनं बाह्या वर सारल्या आणि बाईंच्या हाताखालची ओळ पुसायला सुरुवात केली.

“गोंद राहिला तर दिव्याखाली चकाकतो,” ती बाईंकडे न बघता म्हणाली.

“मग जोरानं घासा,” बाई म्हणाल्या.

भिंत वरून खाली मोकळी होत आली. वन्संनी मागे सरकून, डोळे बारीक करून, कामावर एक नजर टाकली.

“डावीकडे ‘वेदना’ राहिलीय,” त्या म्हणाल्या. “तीही काढा.”